इटलीतले नमस्कार-चमत्कार: कोणाला 'चाओ' म्हणायचं आणि कोणाला चुकूनही नाही

पुण्या-मुंबईहून तोरीनो, मिलानो, बोलोन्या, पादोव्हा अशा ठिकाणी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांची तयारी साधारण एकसारखी असते. व्हिसा, प्रवेशाची कागदपत्रं, प्रेशर कुकर, गोडा मसाला. भाषेचं काय, असं विचारलं तर उत्तर येतं, 'इंग्रजीवर निभेल.' वर्गात निभतंही. पण घरमालकीणबाई, पोस्टातला खिडकीवरचा माणूस, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि विद्यापीठाचं कार्यालय यांच्याशी पहिलं वाक्य इटालियनमधूनच बोलावं लागतं, आणि ते पहिलं वाक्य म्हणजे नमस्कार.

गोंधळ होतो तो मनात इंग्रजी वाक्य घेऊन त्याचं इटालियन करायला गेल्यामुळे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', सगळ्यांना 'हाय', प्रत्येक पत्राला 'डिअर' आणि प्रत्येक भेटीत 'हाऊ आर यू'. इटालियन तसं चालत नाही. तिथे थोरा-मोठ्यांना वेगळं, बरोबरीच्यांना वेगळं, अनोळखी माणसाला आणखी वेगळं. म्हणजे आपल्यासारखंच. तेव्हा मधलं इंग्रजी वगळून थेट मराठीतून विचार करा, अर्धं काम तिथेच होतं.

एक सूचना. खाली सगळे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. मेल किंवा मेसेज लिहिताना स्पेलिंग शब्दकोशातून उतरवून घ्या, अंदाजाने लिहू नका.

जवळ काय असू द्यावं

- पासपोर्टवर जसं आहे तसं नाव लिहिलेली चिठ्ठी, आडनाव आधी आणि नाव नंतर. तिथल्या बहुतेक अर्जांत हाच क्रम असतो.
- 'कोदिचे फिस्काले', म्हणजे आपल्या पॅनसारखा १६ अक्षर-आकड्यांचा क्रमांक. तो पाठ नसेल तर फोनमध्ये त्याचा फोटो.
- विद्यार्थी असाल तर 'मात्रीकोला', म्हणजे विद्यार्थी क्रमांक. विद्यापीठाला लिहिलेल्या प्रत्येक मेलमध्ये तो हवा.
- फोनमध्ये जपून ठेवलेला औपचारिक मेलचा एक मसुदा (पायरी ७ पाहा).

१. आधी 'तू' की 'लेई' ते ठरवा

नमस्काराचा शब्द यानंतर येतो. समोरच्याला तुम्ही काय म्हणून हाक मारणार, हे आधी ठरलं पाहिजे. मित्र, वर्गातली मुलं, लहान मुलं, घरचे यांना 'तू'. शब्दही तोच आणि अर्थही तोच, लक्षात ठेवायला काहीच नाही. बाकी सगळ्यांना, म्हणजे दुकानदार, प्राध्यापक, डॉक्टर, शेजारच्या आजी, सरकारी कर्मचारी, यांना 'लेई'.

'लेई'ची गंमत अशी की त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी येतं, जणू समोरच्याशी नाही तर त्याच्याबद्दल बोलतोय. इंग्रजीतून येणाऱ्याला हे फार विचित्र वाटतं. आपल्याला वाटायला नको. 'साहेबांनी बसावं', 'सरांचं काय म्हणणं आहे?' असं आपण समोरच्याच्या तोंडावर म्हणतोच. 'तुम्ही'ला समांतर म्हणून 'व्होई' वापरावं असं कोणी सुचवेल, पण ते आजच्या रोजच्या बोलण्यात अनेकवचनासाठी आहे. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने 'लेई'वर बंदी घालून सगळ्यांनी 'व्होई' म्हणावं असा फतवा काढला होता. राजवट गेली आणि 'लेई' परत आलं. दक्षिणेत, नापोलीच्या (नेपल्सच्या) बाजूला, वडीलधाऱ्यांना आदराने 'व्होई' म्हणताना आजही ऐकू येतं, पण ती तिथली जुनी रीत आहे. नवख्याने त्यात पडू नये.

व्यवहारात फरक एका स्वराचा असतो. वाट अडवून उभ्या असलेल्या मित्राला 'स्कूझा' (माफ कर), अनोळखी माणसाला 'स्कूझी' (माफ करा). मित्राला 'कोमे स्ताई?' (कसा आहेस?), घरमालकीणबाईंना 'कोमे स्ता?' (कशा आहात?). या दोन जोड्या तोंडात बसल्या की बाकीचं आपोआप सुटत जातं.

'लेई'वरून 'तू'वर कधी यायचं, हे मोठ्या माणसाने ठरवायचं असतं. 'दियामोची देल तू' असं तो म्हणेल, म्हणजे आता अरे-तुरे चालेल. आपण पुढाकार घ्यायचा नाही. उलटपक्षी, लहान कंपनीत किंवा तरुण सहकाऱ्यांत पहिल्या दिवसापासून 'तू' असतं. तिथे 'लेई' धरून बसलात तर आखडू वाटाल.

२. दिवसाचा नमस्कार: घड्याळापेक्षा जेवण महत्त्वाचं

'बुओनजोर्नो' सकाळपासून चालतं. 'बुओनासेरा' नेमकं कधी सुरू होतं, हे गावागावावर आहे. उत्तरेत दुपार उलटून जाईपर्यंत 'बुओनजोर्नो' चालू असतं. तोस्काना (टस्कनी) आणि सार्देन्यात (सार्डिनिया) दुपारचं जेवण झालं की लगेच 'बुओनासेरा'. बाहेर लख्ख ऊन असतं आणि तोस्कानातल्या फिरेन्झेचा (फ्लॉरेन्सचा) दुकानदार तुम्हाला संध्याकाळच्या शुभेच्छा देत असतो. त्याचं घड्याळ बरोबर आहे. त्याने जे म्हटलं तेच त्याला परत म्हणा, हा सगळ्यात बिनचूक नियम.

'गुड आफ्टरनून' म्हणून पुस्तकात 'बुओन पोमेरिज्जो' सापडेल. शब्द बरोबर आहे, पण दुकानात शिरताना तो फारसा कोणी म्हणत नाही. टीव्हीवरची निवेदिका म्हणते, ते ठीक.

'बुओनानोत्ते' फक्त झोपायला जाताना किंवा रात्री उशिरा निरोप घेताना. रात्री दहाला कोणाच्या घरी पोचलात तरी दारात 'बुओनासेरा'च. दारात उभं राहून 'बुओनानोत्ते' म्हटलंत तर त्याचा अर्थ आलात तसे निघालात असा होतो.

उच्चाराच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. इटालियन त आणि द हे आपलेच त आणि द आहेत, इंग्रजीचे ट-ड आणायचे नाहीत. 'चाओ'मधला च 'चहा'तला आणि 'ग्रात्सिए' (धन्यवाद) मधला त्स म्हणजे जवळजवळ 'चमच्या'तला च. जोडाक्षरं मात्र पूर्ण म्हणा. 'नोत्ते'मधला त्त 'सत्ता'सारखा ठोसून आला पाहिजे.

३. दुकान, लिफ्ट, दवाखाना: आधी नमस्कार, मग काम

आपल्याकडे किराण्याच्या दुकानात शिरून थेट 'एक किलो साखर' म्हटलं तर कोणाला काही वाटत नाही. इटलीत ते उद्धटपणाचं. बेकरीतला संवाद साधारण असा होतो. तुम्ही शिरता, 'बुओनजोर्नो'. आतून बेकरीतली बाई म्हणते 'बुओनजोर्नो, दीका', म्हणजे 'बोला, काय देऊ?'. तुम्ही पाव मागता. पैसे, पावती, 'ग्रात्सिए'. मग ती बाई म्हणते 'बुओना जोर्नाता' (दिवस छान जावो), तुम्ही म्हणायचं 'आल्त्रेत्तान्तो' किंवा 'आंके आ लेई' (तुम्हालाही). शेवटी 'आर्रिवेदेर्ची'. एका पावासाठी एवढं? हो, एवढंच आणि रोज. काही दिवसांत ती बाई तुम्हाला ओळखायला लागते, आणि परक्या गावात ही ओळख फार कामाची असते.

इमारतीच्या लिफ्टमध्ये, जिन्यात, दवाखान्याच्या प्रतीक्षा खोलीतही अनोळखी लोकांना 'बुओनजोर्नो' म्हणायचं. दवाखान्यात किंवा पोस्टात नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र नसेल तर नमस्कारानंतर लगेच विचारायचं, 'की ए लुल्तिमो?', शेवटी कोण आहे? कोणीतरी हात वर करेल. तो माणूस लक्षात ठेवायचा, त्याच्यानंतर तुमचा नंबर. लोक खुर्च्यांवर वाट्टेल तसे बसलेले असतात, रांग दिसत नाही, पण असते. न विचारता खिडकीकडे गेलात तर मात्र ती सगळ्यांना एकदम आठवते.

इंग्रजीची एक सवय इथे सोडा. गल्ल्यावरच्या मुलीला 'कोमे स्ता?' विचारू नका. इंग्रजीत 'हाऊ आर यू' हा नुसता नमस्कार आहे, इटलीत तो खरा प्रश्न आहे. ओळखीच्या माणसाला विचारलात तर तो गुडघ्याच्या दुखण्यासकट उत्तर देईल, आणि तुम्ही थांबून ऐकणं अपेक्षित आहे.

४. 'चाओ' आणि 'साल्वे'

'चाओ' येताना आणि जाताना दोन्ही वेळा चालतं, आणि ते ज्यांना 'तू' म्हणता त्यांनाच म्हणायचं. इटलीबाहेर हा शब्द इतका पसरलाय की तो सगळ्यांना चालतो असा समज होतो. इटलीत राहण्याच्या परवान्याच्या कामासाठी क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, गेल्यावर खिडकीवरच्या अधिकाऱ्याला 'चाओ' म्हणणं म्हणजे तहसीलदाराला 'काय रे' म्हणण्यापैकी आहे. तो रागावेलच असं नाही. परदेशी म्हणून सोडूनही देईल. पण सुरुवात बरी होणार नाही.

मग मधल्या लोकांचं काय? जिममधला प्रशिक्षक, मित्राचे आईवडील, तुमच्याहून थोडा मोठा शेजारी? त्यांच्यासाठी 'साल्वे'. काही जुन्या वळणाच्या लोकांना तो कोरडा वाटतो, म्हणून प्राध्यापक आणि वयस्कर मंडळींना 'बुओनजोर्नो' बरं. अडलात की 'बुओनजोर्नो'कडे परत या. तो कधीच चुकत नाही.

तुम्ही भारतीय आहात हे कळल्यावर काहीजण हात जोडून 'नमस्ते' म्हणतील. योगाच्या वर्गाचा प्रताप. हसून 'बुओनजोर्नो' म्हणा आणि पुढे चला, तिथे संस्कृतीवर व्याख्यान देण्याची गरज नाही.

५. निरोप

- 'आर्रिवेदेर्ची': सर्वत्र चालणारा. एकाच व्यक्तीला जास्त आदर दाखवायचा तर 'आर्रिवेदेर्ला'.
- 'बुओना जोर्नाता', 'बुओना सेराता': फक्त निघताना. शिरताना 'बुओनजोर्नो', निघताना 'बुओना जोर्नाता', ही अदलाबदल करू नका.
- 'आ दोमानी' (उद्या भेटू), 'आ प्रेस्तो' (लवकरच भेटू), 'ची वेदियामो' (भेटूच), 'ची सेन्तियामो' (फोनवर बोलू). शेवटच्या दोन वाक्यांत वेळ ठरलेली नसते. 'ची सेन्तियामो' म्हटलं म्हणजे तो फोन करेलच असं धरून बसू नका.
- 'बुओन लावोरो': जो कामावर आहे किंवा कामाला निघालाय त्याला. हा फार छान वाटतो लोकांना, आणि परदेशी माणसाच्या तोंडी तर जास्तच.
- 'आद्दिओ' सिनेमात ऐकलेला असतो म्हणून वापरू नका. तो कायमचा निरोप आहे.

फोन ठेवताना 'चाओ, चाओ, चाओ, चाओ' अशी माळ लागते, आवाज हळूहळू लहान होत जातो. हे खरंच होतं, मुद्दाम कोणी करत नाही.

६. फोन आणि आपलं नाव

फोन उचलणारा 'प्रोन्तो' म्हणतो. हा शब्द फक्त फोनवर नमस्कार आहे, रस्त्यात नाही. त्यावर 'बुओनजोर्नो, सोनो...' आणि पुढे आपलं नाव. इथे खरी मजा सुरू होते.

रोमन लिपीतली मराठी नावं इटालियन माणूस आपल्या नियमाने वाचतो. 'सीएच'चा उच्चार तिथे क, म्हणून चव्हाणांचे 'काव्हान' होतात आणि सचिनचा 'साकिन'. 'एच' मुका, म्हणून हेमंत 'एमान्त'. जोशींचा 'जे' य होतो, प्रतीक्षा खोलीत 'योशी' अशी हाक आली तर ती तुम्हालाच आहे. उठा.

फोनवर नाव अक्षरागणिक सांगायला शहरांची नावं वापरतात. देशपांडे असे सांगायचे: दोमोदोस्सोला, एम्पोली, साव्होना, आक्का, पालेर्मो, आन्कोना, नापोली, दोमोदोस्सोला, एम्पोली. 'आक्का' म्हणजे 'एच', त्याला शहर नाही. दोमोदोस्सोला हे स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचं लहानसं गाव, पण 'डी'साठी देशभर त्याचंच नाव घेतात. 'के'ला 'काप्पा', 'जे'ला 'ई लुंगा', 'डब्ल्यू'ला 'दोप्पिया व्हू', 'वाय'ला 'इप्सिलोन'. ही अक्षरं इटालियनच्या मूळ २१ अक्षरांत नाहीत, म्हणून कुलकर्णी, जाधव, वाघ आणि यादव यांनी जरा सावकाश बोलावं. आपल्या नावाची शहरं कागदावर लिहून ठेवा. बँक, वीज कंपनी, दवाखाना, सगळीकडे लागतात.

दुसरी अडचण लिंगाची. इटालियनमध्ये 'आ'ने संपणारं नाव बहुधा बाईचं. त्यामुळे आदित्य, कृष्णा अशा नावांच्या मुलांना 'सिन्योरा' म्हणून उत्तरं येतात. कोदिचे फिस्कालेत ही माहिती असते: बायकांच्या जन्मतारखेत ४० मिळवलेले असतात, म्हणजे १२ तारखेचा जन्म ५२ दिसतो. पण मेल वाचणारा ते बघत नाही. पहिल्या मेलमध्ये 'सोनो उनो स्तुदेन्ते' (मुलगा) किंवा 'सोनो उना स्तुदेन्तेस्सा' (मुलगी) असं लिहिलंत की प्रश्न मिटतो. आणि हे उलट दिशेनेही लागू आहे. आन्द्रेआ, लूका, निकोला, सिमोने ही पुरुषांची नावं आहेत. आन्द्रेआला 'सिन्योरा' लिहून पाठवू नका.

७. मेल आणि पत्र

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात. 'डिअर प्रोफेसर'चं शब्दशः 'कारो प्रोफेस्सोरे' करू नका. 'कारो' म्हणजे 'प्रिय', तो मित्राला. प्राध्यापकांना 'जेन्तीले प्रोफेस्सोरे' किंवा 'जेन्तीले प्रोफेस्सोरेस्सा', पुढे आडनाव. आडनाव जोडलं की पुरुषाच्या हुद्द्याचा शेवटचा 'ए' गळतो: 'प्रोफेस्सोर रोस्सी', 'दोत्तोर बियांकी', 'सिन्योर फेर्रारी'. 'जेन्तीले' स्त्री-पुरुष दोघांना तसाच राहतो, म्हणून तो सर्वात सुरक्षित. 'एग्रेजो' जुन्या थाटाचा आणि पुरुषांसाठी. 'कियारिस्सिमो' हे प्राध्यापकांचं भरजरी संबोधन, प्रबंधाच्या कागदांवर शोभतं, तासाची वेळ विचारायला नाही. संस्था किंवा कंपनीला 'स्पेत्ताबिले'. विद्यार्थी कार्यालयाला 'जेन्तीले सेग्रेतेरिआ' पुरतं. नाव माहीत नसेल तर नुसतं 'बुओनजोर्नो' लिहिलेलंही हल्ली सर्रास चालतं.

हुद्दे गाळू नका. पदवी असलेल्या कोणालाही 'दोत्तोरे' किंवा 'दोत्तोरेस्सा' म्हणतात, वैद्यकाशी संबंध असायलाच हवा असं नाही. इंजिनियरला 'इंजेन्येरे', वकिलाला 'आव्वोकातो'. आपल्याकडे 'वकीलसाहेब' म्हणतो तसंच. बाईंना 'सिन्योरा' म्हणा, 'सिन्योरीना' नको. कोण लग्नाची आणि कोण बिनलग्नाची, याची उठाठेव आता तिथेही लोकांना आवडत नाही.

संबोधनानंतर स्वल्पविराम, आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू. इंग्रजीच्या सवयीने फोन तिथे मोठं अक्षर घालतो, ते बदला. याउलट औपचारिक पत्रात 'लेई', 'ला', 'ले', 'सूओ' हे समोरच्याला उद्देशून आलेले शब्द वाक्याच्या मध्येही मोठ्या अक्षराने लिहायची रीत आहे.

मसुदा असा ठेवा:

जेन्तीले प्रोफेस्सोरेस्सा रोस्सी,
मी कियामो आदित्य देशपांडे, सोनो उनो स्तुदेन्ते (इथे अभ्यासक्रमाचं नाव आणि मात्रीकोला).
ले स्क्रीवो पेर... (इथे काम, दोन वाक्यांत).
ला रिंग्रात्सियो पेर लात्तेन्त्सिओने.
कोर्दियाली सालूती,
(नाव, आडनाव)

'मी कियामो' म्हणजे 'माझं नाव', 'ले स्क्रीवो पेर' म्हणजे 'आपणास लिहिण्याचं कारण की' आणि 'ला रिंग्रात्सियो पेर लात्तेन्त्सिओने' म्हणजे 'लक्ष दिल्याबद्दल आपले आभार'. उत्तर हवंच असेल तर आभाराच्या आधी 'रेस्तो इन आत्तेसा दी उन सूओ रिस्कोन्त्रो' घाला, आपल्या 'उत्तराच्या प्रतीक्षेत'सारखं.

शेवट. 'कोर्दियाली सालूती' हा सगळीकडे चालतो. 'दिस्तिन्ती सालूती' जास्त ताठ, कंपनीकडे तक्रार करताना किंवा घरमालकाला नोटीस देताना योग्य. रोजच्या मेलला तो थंड वाटतो. ओळख झाल्यावर 'उन कारो सालूतो'. मित्रांना 'उन आब्ब्राच्चो' (मिठी) किंवा 'बाची' (पापे). पुरुष मित्रही एकमेकांना 'उन आब्ब्राच्चो' लिहितात, दचकू नका. स्वयंघोषणापत्रांच्या नमुन्यांत खाली 'इन फेदे' दिसेल. ते आपलं 'वरील मजकूर खरा आहे' या जातीचं आहे, साध्या मेलच्या शेवटी लिहायचं नाही.

८. हात, गाल आणि उंबरठा

पहिल्या भेटीत हस्तांदोलन, नजर समोर, आणि 'प्याचेरे' (आनंद झाला). चारजण असाल तर दोघांच्या हातांवरून आडवे हात घालू नका, ते अपशकुनी मानतात. लोक खरंच हात मागे घेऊन आपली पाळी येईपर्यंत थांबतात. ओळखीत गालाला गाल लावतात, बहुधा दोनदा. आपण सुरुवात करायची नाही, कोणती बाजू आधी तेही समोरच्यावर सोडायचं. नको असेल तर हात लवकर आणि ठामपणे पुढे करा, कोणी वाईट मानत नाही.

कोणाच्या घरात शिरताना दार उघडं असलं आणि यजमान आत बोलावत असले तरी उंबरठ्यावर 'पेर्मेस्सो?' म्हणायचं. आतून 'आव्हान्ती' किंवा 'प्रेगो' आलं की आत.

९. शुभेच्छा, पण नेमक्या वेळी

परीक्षेआधी कोणाला 'बुओना फोर्तूना' म्हणू नका, ते उलट लागतं असं मानतात. 'इन बोक्का आल लूपो' म्हणायचं, म्हणजे लांडग्याच्या तोंडात. ज्याला म्हटलं त्याने 'क्रेपी' (मरो तो) असं उत्तर द्यायचं. हल्ली लांडग्याची कीव येऊन 'व्हीवा इल लूपो' म्हणणारेही बरेच आहेत. उत्तरादाखल 'ग्रात्सिए' मात्र नाही.

वाढदिवसाला 'आउगूरी'. पण आदल्या दिवशी नाही, आगाऊ शुभेच्छा तिथे अशुभ. भारतातल्या वेळेप्रमाणे रात्री बारा वाजता पाठवलात तर तिकडे अजून आदलाच दिवस असतो, हे सुट्टीत घरी आल्यावर लक्षात ठेवा. आपल्या स्वातंत्र्यदिनी, १५ ऑगस्टला, त्यांचा 'फेर्रागोस्तो' असतो. 'बुओन फेर्रागोस्तो' म्हणायचं आणि कार्यालयाकडून काही दिवस उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही.

आणि ते उत्तर येईल तेव्हा, तुम्ही एवढी सहा ओळींची नम्र मेल लिहिलेली असताना, प्राध्यापिकाबाईंकडून 'व्हा बेने. सालूती' एवढंच आणि खाली नावाची दोन आद्याक्षरं येऊ शकतात. त्या चिडलेल्या नाहीत. 'व्हा बेने' म्हणजे 'ठीक आहे', तुमचं काम झालेलं आहे.